झर आटली तर दाद कुणाकडे मागायची?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचे कुळागर (पोफळीची बाग) सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. पोफळी झरीच्या पाण्यावर, आणि उरलेले पाणी खाली देवळाच्या तळीत जाते. वरच्या सड्यावरची जमीन विकली गेली. नव्या मालकाने बोअर मारली, तिथे टँकर भरतात. शिवाय रस्ता काढण्यासाठी व्हाळात (ओढ्यात) माती लोटली आहे. यंदा मार्चमध्येच झर बारीक झाली. पंचायत म्हणते, विषय आमच्याकडे येत नाही. मालक म्हणतो, जमीन माझी, पाणी माझे. म्हादई नदीसाठी सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते, मग आमच्या झरीसाठी कायदाच नाही का?"

कायदा आहे. एक नव्हे, सात-आठ आहेत, आणि प्रत्येकाचे दार वेगळ्या खात्यात उघडते. म्हणूनच माणूस पंचायत, मामलेदार, जलस्रोत खाते असा फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला "हे आमच्याकडे नाही" असे ऐकायला मिळते. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक जण खोटे बोलत नसतात. चूक आपल्या अर्जात असते. एकाच अर्जात झर, बोअर, टँकर, व्हाळ, तळी सगळे कोंबलेले असते आणि तोच अर्ज सहा ठिकाणी दिलेला असतो.

आधी त्या मालकाचे वाक्य घेऊ, कारण सगळा तिढा तिथेच आहे. "जमीन माझी, पाणी माझे" हे तो हवेत बोलत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ७ व्या कलमात दाखल्यादाखल जे हक्क दिले आहेत, त्यांत जमीनमालकाने आपल्या हद्दीतले, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी काढून वापरावे, असा हक्क स्पष्ट आहे. तुम्ही दिवाणी न्यायालयात "झर माझी, वाडवडिलांपासूनची" म्हणून उभे राहिलात की समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच कलम वाचून दाखवणार. मग झरीचे पाणी जमिनीखाली ठरावीक मार्गाने येते हे सिद्ध करायचे ओझे तुमच्या डोक्यावर. ते सिद्ध करता येत नाही असे नाही, पण त्यात वर्षे जातात आणि पोफळी तेवढे थांबत नाहीत.

म्हणून माझा पहिला आणि खरे तर एकमेव मोठा सल्ला: पाणी कुणाचे, हा वाद तुम्ही काढूच नका. परवाना कुठे आहे, एवढेच विचारा. मालकीच्या वादात पुरावा तुम्हाला द्यावा लागतो, परवान्याच्या प्रश्नात कागद त्याला दाखवावा लागतो.

हा प्रश्न विचारता येतो तो गोवा भूजल नियमन कायदा, २००२ आणि त्याखालच्या २००३ च्या नियमांमुळे. देशातल्या पुष्कळ राज्यांत अजून केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांवर काम चालते. गोव्याचा स्वतःचा कायदा आहे आणि तो जलस्रोत खात्यातला भूजल अधिकारी राबवतो. विहीर खणायची, बोअर मारायची तर त्याची परवानगी लागते. असलेल्या विहिरीची नोंदणी लागते. भूजल टँकरने विकायला न्यायचे तर त्यालाही परवानगी हवी आणि टँकरचीही नोंदणी हवी. म्हणजे "जमीन माझी" हे सिद्ध झाले तरी काम संपत नाही. बोअर मारण्याची परवानगी आणि तिचे पाणी टँकरने बाहेर नेण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बागेसाठी म्हणून बोअर मंजूर करून घ्यायची आणि मग तिच्यावर टँकर लावायचे, हा किनारपट्टीवर हॉटेले वाढल्यापासूनचा रुळलेला धंदा आहे.

तेव्हा भूजल अधिकाऱ्याकडे दोन कागद द्या. एक तक्रार, एक माहिती अधिकाराचा अर्ज. तक्रारीत सर्व्हे क्रमांक, उपविभाग आणि गाव लिहा. "वरच्या सड्यावर" असे लिहून चालत नाही. एक-चौदाचा उतारा (सात-बारासारखी जमिनीची हक्कनोंद) आणि सर्व्हे प्लॅन जोडा, प्लॅनवर बोअरची जागा लाल पेनाने दाखवा. माहिती अधिकारात "बोअरला परवानगी का दिली?" असे विचारू नका, कारण त्याला उत्तर मिळत नाही. प्रती मागा: अमुक सर्व्हे क्रमांकातल्या विहिरींच्या परवानगी आणि नोंदणीची प्रत, परवानगीतल्या अटी, तिथून पाणी वाहून नेण्यास परवानगी दिलेल्या टँकरांची यादी, पाहणी अहवाल. "अशी नोंद आमच्याकडे उपलब्ध नाही" असे एका ओळीचे उत्तर आले तर निराश होऊ नका. तुमच्या फाईलमधला तो सर्वांत मोलाचा कागद.

आता पाहणीबद्दल. अधिकारी येतो सकाळी अकराला. त्या वेळी सड्यावर एक झाकलेली बोअर, गुंडाळलेला पाईप आणि एक राखणदार एवढेच असते. टँकर संध्याकाळनंतर लागतात. पाहणी अहवालात "पाण्याची विक्री आढळली नाही" असे येते आणि प्रकरण मिटते. यावर ओरडण्यापेक्षा विजेच्या मीटरकडे बघा. बोअरला पंप आहे, म्हणजे जोडणी आहे. ती शेतीची असेल आणि पाणी टँकरने विकले जात असेल, तर ते वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात बसते, कारण ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरली जाते. दंडाची आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि वापर कधीपासूनचा ते ठरवता आले नाही तर मागचे बारा महिने धरून. वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात तेवढ्यापुरताच अर्ज द्या. त्यांचा माणूस येतो तेव्हा त्याला पाण्यात रस नसतो, युनिटांत असतो. बागेच्या मानाने युनिटे किती जास्त आहेत हे मीटर आपोआप सांगतो. मी पाहिले आहे की पाण्याच्या तक्रारीला महिनोन् महिने न हललेला मालक विजेच्या नोटिशीने आठवड्यात बोलायला येतो.

पण समजा मालकाकडे सगळे परवाने निघाले. मग झर त्याच्याच बोअरने आटली हे दाखवावे लागेल, आणि इथे थोडी जमीन समजून घ्यायला हवी. आपला सडा म्हणजे जांभ्याची जाड, सच्छिद्र टोपी. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस त्यावर पडतो आणि बराचसा आत मुरतो. जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो, तिथे पाणी अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या उताराला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झर फुटते. बोअर बहुधा हा थर पार करून खालच्या कातळातल्या भेगांत जाते. त्यामुळे मालकाचा भूजलतज्ज्ञ हमखास सांगणार: "आमचे पाणी दीडशे-दोनशे फुटांखालचे, झर वरच्या थरातली, दोघांचा संबंध नाही." बचाव तकलादू नाही. त्याला उत्तर दोन ठिकाणी मिळते. बोअरचा वरचा भाग केसिंग पाईपने नीट बंद केला आहे का? नसेल तर वरच्या थरातले पाणी बोअरच्या भोकातूनच खाली गळते. आणि सड्यावर बोअरशिवाय आणखी काय चालले आहे? जांभा कापून सपाटीकरण, तळघराचे खड्डे, सिमेंटचे आवार यांनी झरीचे नुकसान बोअरपेक्षा जास्त होऊ शकते. तसे असेल तर बोअरमागे लागून तुम्ही चुकीच्या माणसाशी भांडत असाल.

हे ठरवायला मोजमाप लागते आणि ते तुम्ही घरच्या घरी करू शकता. झरीच्या तोंडाशी पाणी एका धारेत पडेल अशी पन्हळ बसवा. वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा, तीनदा मोजून सरासरी घ्या. दर रविवारी, त्याच वेळेला. तारखेनिशी वहीत लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. जवळच्या विहिरीत काठापासून पाण्यापर्यंत दोरीने खोली मोजून तीही लिहा. टँकर आले ते दिवस आणि आले नाहीत ते दिवस यांची वेगळी खूण ठेवा. चतुर्थीला किंवा पंप बिघडल्यावर चार दिवस उपसा थांबला आणि तेवढ्यात झरीची धार वाढली, तर ती नोंद एखाद्या अहवालाइतकी बोलते. नाही वाढली तर तेही तुम्हाला वेळेत कळलेले बरे. वही यंदा सुरू करा. झर पूर्ण कोरडी पडल्यावर मोजायला काहीच उरत नाही, आणि "पूर्वी खूप पाणी होते" या वाक्याला न्यायालयात किंमत नाही.

व्हाळातल्या मातीचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. तो याच्यात मिसळू नका. सखल जमीन भरणे किंवा डोंगर कापणे यासाठी नगर आणि ग्रामनियोजन कायदा, १९७४ च्या कलम १७अ खाली आधी परवानगी लागते. नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात तेवढीच तक्रार द्या. जेसीबी बहुधा शनिवार-रविवारी चालतात, कारण त्या दिवशी कार्यालये बंद. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या भरारी पथकाला फोन करा आणि फोटोत जागा-वेळ उमटेल असे बघा. दुसरे हत्यार भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १५२. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ ते हेच. लोक कायदेशीरपणे वापरतात त्या नदीतला वा प्रवाहातला अडथळा काढण्याचा सशर्त हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. गोव्यात मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी हे अधिकार वापरतात. "आमच्याकडे येत नाही" हे उत्तर मामलेदाराला या कलमापुढे देता येत नाही. मात्र अर्जात व्हाळाचे पाणी कोणकोण वापरते ते लिहायला हवे. एकट्याच्या कुळागराचे दुखणे म्हणून गेलात तर दिवाणी दाव्याकडे बोट दाखवतील.

सर्व्हे प्लॅनवर व्हाळ दाखवलाच नसेल तर? हे वारंवार होते. बारीक, पावसाळी व्हाळ सर्वेक्षणात सुटले आहेत. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, भूमापन खात्यातले पोर्तुगीज काळातले प्लॅन आणि गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रे काढा. कुठेतरी तो व्हाळ सापडतोच.

प्रदूषण मंडळाकडे मातीसाठी जाऊन उपयोग नाही, हे आधीच सांगतो, कारण तिथे फुकट वेळ जातो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात प्रवाहाची व्याख्या फार उदार आहे. काही काळ कोरडा पडणारा ओहोळ आणि जमिनीखालचे पाणीही तिच्यात येते. पण कलम २४ मध्ये प्रवाहाला अडथळा करणारी वस्तू टाकणे तेव्हाच गुन्हा ठरते, जेव्हा त्यामुळे प्रदूषण बरेच वाढते किंवा वाढण्याची शक्यता असते. नुसती माती पुरत नाही. उद्या त्याच व्हाळात सांडपाण्याचा टँकर रिकामा झाला, तर मात्र त्याच दिवशी मंडळाचे साळगावचे कार्यालय गाठा आणि पाण्याचा नमुना घ्यायला लावा.

देवळाच्या तळीला कमी लेखू नका. तळी देवस्थानची मालमत्ता असेल तर देवस्थान समिती अर्जदार होऊ शकते, आणि १९३३ च्या माझानी (महाजनांच्या संस्थांच्या) नियमावलीप्रमाणे देवस्थानांचा प्रशासक मामलेदारच असतो. व्हाळाच्या अर्जात ज्याच्याकडे दाद मागायची, तोच दुसऱ्या नात्याने तळीचा राखणदार. तळी पाणथळ म्हणून अधिसूचित करून घ्यावी, असेही लोक सुचवतात. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्यापासून तो उत्साह वाढला आहे. पण २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीचे पात्र, भातशेती आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. आपल्या बहुतेक तळ्या पूर्वजांनी शेतीला पाणी म्हणूनच खणल्या, त्यामुळे हरकत तिथेच येते. अर्ज करायला हरकत नाही, पण तुमच्या लढाईचा भार त्यावर टाकू नका.

पंचायतीचे "आमच्याकडे येत नाही" अर्धेच खरे. भूजल तिच्याकडे नाही, पण बांधकाम परवाना तिच्याकडे आहे, पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली. सड्यावर काही उभे राहणार असेल तर पाणी कुठून आणणार, हा प्रश्न परवान्याच्या वेळी पंचायतीने विचारायचा असतो. ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते सचिवाकडून प्रत घेऊन बघा. चर्चेत गाजलेला ठराव वहीत गुळमुळीत होऊन उतरतो, हा अनुभव गोव्यात कुणाला नाही?

आता न्यायालय. राष्ट्रीय हरित लवाद की उच्च न्यायालय, हे इथे उत्साहाच्या भरात चुकते. लवादाकडे फक्त त्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या कायद्यांचे विषय जातात: जलप्रदूषण, वायुप्रदूषण, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. गोव्याचा भूजल कायदा त्या यादीत नाही. नुसता "बोअर बिनपरवाना आहे" हा मुद्दा घेऊन पुण्याला लवादाच्या खंडपीठापुढे गेलात तर पहिली हरकत अधिकारक्षेत्राची. सड्यावरच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत होती आणि ती घेतली नाही, असे काही हातात असेल तर लवाद योग्य. तिथे मुदतही कडक आहे. कलम १४ खाली वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. खात्यांशी पत्रव्यवहार करता करता ही मुदत उलटते आणि पत्रव्यवहार हे काही उशिराचे कारण धरले जात नाही. भूजल अधिकारी हालतच नसेल तर पर्वरीला उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करा. मागणी छोटी ठेवा: अधिकाऱ्याने आमच्या तक्रारीवर अमुक मुदतीत सुनावणी घेऊन निर्णय द्यावा. "झर वाचवा" अशी मागणी केली की न्यायालय तज्ज्ञ नेमते, तज्ज्ञ वेळ घेतो.

(२०१७ मध्ये केंद्राने गोव्याची हरित लवादाची प्रकरणे पुण्याहून दिल्लीला हलवली होती. पेडण्याच्या शेतकऱ्याने झरीसाठी दिल्लीला जावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मानले पाहिजे. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती अधिसूचना त्याच वर्षी रद्द केली.)

सड्याचे रक्षण केव्हा करायचे, याचा दाखला तुमच्याच तालुक्यात आहे. मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली, कारण अर्जात आणि अहवालात परिसराची माहिती पुरती दिलेली नव्हती. पुन्हा तपासणी झाली, जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला. मंजुरी मिळण्याआधी जनसुनावणीत नोंदवलेल्या हरकतीचे वजन नंतरच्या याचिकेला येत नाही. तुमच्या सड्यावर पुढचा टप्पा येणार असेल तर जमिनीच्या रूपांतराच्या सनदीवर आणि परवानग्यांवर आत्तापासून लक्ष ठेवा.

याचिका करायची झालीच तर वकिलाला दोन निवाडे लागतील, ते त्याला माहीत असतीलच. नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे तत्त्व कमलनाथ प्रकरणात रुजले, आणि २००९ मध्ये दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेसंबंधीच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ते गोव्याच्याच जमिनीवर लावले. रिटमध्ये हे पाठबळ म्हणून शोभते. मुख्य मुद्दा मात्र परवान्याचाच ठेवा.

म्हादईचे विचारलेत. तो वाद राज्याराज्यांतला, १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखालचा. त्यासाठी नेमलेल्या म्हादई जलतंटा लवादाने (हा हरित लवाद नव्हे) ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. तिन्ही राज्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि २०२३ मध्ये निवाडा राबवण्यासाठी 'प्रवाह' प्राधिकरणही नेमले गेले. तिथे पक्षकार राज्य असते, गावकरी नसतो, म्हणून तुमच्या झरीला त्यातून थेट काही मिळत नाही. एवढे मात्र म्हणेन, की लवादापुढे राज्याला आपल्या गरजेचे आणि वापराचे आकडे मांडावे लागतात. सरकारने गावागावांतला उपसा मोजला तर ते आकडे म्हादईच्या खटल्यातही कामाला येतील. भूजल अधिकाऱ्याला लिहिताना हे सौम्य शब्दांत सुचवायला हरकत नाही.

शेवटी भरपाई. पोफळी वाळल्या तर नुकसानाची मागणी करता येते. हरित लवादाकडे कलम १५ खाली त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, पण तिथेही परिशिष्टातल्या कायद्याशी संबंध दाखवावा लागतो आणि मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क भरावे लागते. ती मागणी आत्ताच्या कुठल्याच अर्जात घालू नका. पैशाचा आकडा दिसला की अधिकारी तक्रारीकडे दोन शेजाऱ्यांचे भांडण म्हणून बघू लागतो. आत्ता फक्त कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून बागेची पाहणी करून घ्या, किती झाडे, किती वयाची, किती सुकली, आणि तो अहवाल तारखेनिशी जपून ठेवा.